दूध सोडणाऱ्या सगळ्यांचे कारण एकच असते का?

सहकारनगरवासी

नमस्कार मंडळी. आमच्या नात्यागोत्यात आणि शेजारात अलीकडे काही जणांनी दूध बंद केले आहे. त्यामागची त्यांची भूमिका मला नीटशी उमगत नाही, म्हणून हा प्रश्न.

माझे साडू बँकेतून निवृत्त झालेले आहेत. सकाळी रिकाम्या पोटी पेलाभर दूध घेतले की पोट फुगते, गुरगुरते आणि मग धावपळ होते, म्हणून त्यांनी दूध सोडले. परंतु कोणी पेढ्यांचा पुडा आणला तर त्यातले दोन-तीन पेढे ते निर्धास्तपणे खातात आणि संध्याकाळी पुन्हा पोट धरून बसतात. माझी पुतणी हिंजवडीत नोकरी करते व आमच्याकडेच राहते. जनावरांवर अन्याय होतो या कारणाने तिने दूध, दही, तूप, पनीर असे सगळेच वर्ज्य केले आहे आणि यंदाच्या गुढीपाडव्याला तिने श्रीखंडाच्या वाटीला हातही लावला नाही. वरच्या मजल्यावरील गृहस्थांचे म्हणणे आणखी निराळे. पिशवीतल्या दुधात काय काय मिसळतात याची चित्रफीत त्यांना कोणीतरी पाठवली, तेव्हापासून ते पिशवीच्या दुधाच्या नावाने बोटे मोडतात, मात्र गोठ्यावरून येणारे, देशी गाईचे म्हणून विकले जाणारे ‘ए टू’ दूध दुप्पट दराने आवर्जून घेतात.

आमच्या पिढीला दूध हे पूर्णान्न आहे असे शाळेत शिकवले गेले. उपासाला दूध, आजारपणात दूध, पूजेला पंचामृत, कोजागरीला आटवलेले केशरी दूध, आणि पुण्यात तर अमृततुल्याच्या चहावाचून कोणाचे पान हलत नाही. अशा वातावरणात वाढलेल्या माणसाला दूध सोडणे म्हणजे घरचे काहीतरी मोडल्यासारखे वाटते, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. मला वाद घालायचा नाही. या तिघांच्या कारणांत किती तथ्य आहे आणि दूध सोडल्यावर त्याची भरपाई कशी करावी, एवढेच जाणून घ्यायचे आहे. पुतणीच्या आईचा, म्हणजे माझ्या भावजयीचा, दर रविवारी फोन येतो आणि ‘मुलीची हाडे ठिसूळ होतील हो भाऊजी’ या वाक्यावर संपतो. तिला काय सांगावे?


औंधचा वैद्य

आपण दिलेली तिन्ही उदाहरणे मुळातच वेगवेगळी आहेत आणि ती एकाच खात्यावर मांडली की सल्ला हमखास चुकतो. दूध कोणत्या कारणाने सोडले यावर काय काय सोडायचे हे ठरते. मी साडूंच्या पोटापुरते लिहितो, कारण तेवढाच माझा प्रांत आहे.

दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. गाईच्या आणि म्हशीच्या दुधात तिचे प्रमाण साधारण ५ टक्के धरावे. ही साखर फोडण्यासाठी लहान आतड्याच्या अस्तरात लॅक्टेज नावाचे विकर लागते. अंगावर पिणाऱ्या बाळामध्ये ते भरपूर असते, परंतु वय वाढते तसे जगातील सुमारे दोन तृतीयांश माणसांमध्ये ते बरेच ओसरते. उत्तर युरोपातील लोकांमध्ये, तसेच पूर्व आफ्रिका व अरबस्तानातील काही पशुपालक समाजांमध्ये, ते मोठेपणीही टिकवून ठेवणारा जनुकीय बदल पिढ्यान् पिढ्या रुजत गेला. भारतात हा बदल वायव्येकडे अधिक आढळतो आणि दक्षिणेकडे व पूर्वेकडे येताना विरळ होत जातो. त्यामुळे मोठ्या माणसाला दूध न पचणे हा रोग नसून जगाचा विचार करता बहुसंख्यांचीच स्थिती आहे, हे साडूंना अवश्य सांगावे. न फुटलेली साखर मोठ्या आतड्यात उतरते, तेथील जिवाणू ती आंबवतात, त्यातून हायड्रोजनसारखे वायू निर्माण होतात आणि साखरेसोबत पाणीही आतड्यात ओढले जाते. फुगणे, गुरगुरणे आणि धावपळ यांचा उगम हाच.

आता पेढ्यांविषयी. खवा म्हणजे दुधातील पाणी आटवून उरलेला ऐवज. लॅक्टोज काही वाफेबरोबर उडून जात नाही, त्यामुळे खव्यात आणि पर्यायाने पेढ्यात, बर्फीत, बासुंदीत ते दुधापेक्षा दाट होऊन बसते. पेलाभर दूध सोडून खव्याचे पेढे खाणे म्हणजे पुढचे दार लावून मागचे उघडे ठेवणे होय. याउलट दह्यात विरजणाचे जिवाणू लॅक्टोजचा काही भाग लॅक्टिक आम्लात बदलून टाकतात आणि उरलेला पचवायलाही हातभार लावतात, म्हणून दही-ताक अनेकांना सोसते. चक्का बांधताना आणि पनीर दाबताना निथळणाऱ्या पाण्याबरोबर बरेच लॅक्टोज निघून जाते. साजूक तुपात तर ते जवळजवळ नसतेच. म्हणजे तूप-भात, ताक आणि बेताचे श्रीखंड यांना साडूंनी मुकण्याचे कारण नाही.

प्रमाणाचाही हिशेब आहे. लॅक्टेज कमी असलेल्या बहुतेक प्रौढांना एका वेळी सुमारे १२ ग्रॅम लॅक्टोज फारसा त्रास न होता चालते, विशेषतः ते जेवणाबरोबर पोटात गेले तर. दोनशे मिलीलीटरच्या पेल्यात ते १० ग्रॅमच्या आसपास असते, तर चहात घातलेल्या चार-पाच चमचे दुधात जेमतेम १ ग्रॅम. रिकाम्या पोटी पेलाभर दूध हा त्यांनी निवडलेला प्रकार सर्वांत गैरसोयीचा. दुपारच्या चहाला भिण्याचे कारण नाही. लॅक्टोज आधीच फोडलेले दूध अमूलसारख्या कंपन्या विकतात. ते किंचित गोड लागते, कारण लॅक्टोज फुटल्यावर तयार होणारे ग्लुकोज व गॅलॅक्टोज जिभेला अधिक गोड वाटतात.

मात्र एक सावधगिरी बाळगावी. आयुष्यभर दूध पचलेल्या माणसाला साठीनंतर अचानक त्रास सुरू झाला, वजन उतरले, शौचातून रक्त गेले किंवा रात्री पोटदुखीने झोपमोड होऊ लागली, तर घरच्या घरी दुधावर खापर फोडून मोकळे होऊ नये. जुलाबाच्या आजारानंतरही काही आठवडे लॅक्टेज तात्पुरते कमी होते आणि पुढे सुधारते. खात्री करायची असेल तर श्वासातील हायड्रोजन मोजण्याची तपासणी असते. दुधाची ॲलर्जी हे आणखी वेगळे प्रकरण आहे. ती दुधातील प्रथिनांची असते, मुख्यतः लहान मुलांमध्ये दिसते आणि तीत चमचाभर दूधही अंगावर गांधी उठवू शकते किंवा श्वास कोंडू शकते. दुधाने कफ वाढतो म्हणून ते सोडणारेही पुष्कळ भेटतात. प्रयोगांमध्ये तसे आढळलेले नाही. दूध लाळेत मिसळून घशाशी दाट लागते, तोच कफ वाटतो.


हिरवी पालवी

आपल्या पुतणीसारखाच निर्णय मीही घेतलेला असल्याने तिच्या बाजूने लिहिते. काका, तिला लॅक्टोजचे प्रमाण सांगून काही उपयोग नाही, कारण तिच्या दृष्टीने पेलाभर दूध आणि चमचाभर तूप यांत फरकच नाही.

तिचा मुद्दा असा असणार. गाय किंवा म्हैस व्याल्याशिवाय दूध देत नाही, म्हणून दूध चालू ठेवायचे तर तिला दर वर्ष-सव्वा वर्षाने गाभण ठेवावे लागते आणि जन्मणाऱ्या वासरांपैकी निम्मे नर असतात. त्या नरांचे काय होते, हा प्रश्न आपण शाकाहारी घरांमध्ये कधी विचारतच नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील गोवंशाची संख्या सुमारे १९ कोटी २५ लाख होती आणि त्यांपैकी १४ कोटी ५१ लाख माद्या होत्या. जन्माच्या वेळी जवळपास सारखे असणारे हे प्रमाण मोठेपणी तीनास एक होते. मधले गोऱ्हे कुठे गेले, याचे उत्तर कोणाच्याही ताटात दिसत नाही. म्हशीच्या नर रेडकांची गत याहून वाईट, कारण त्यांना औताचाही उपयोग फारसा नाही. जगातील जवळपास एक चतुर्थांश दूध आज भारतात निघते. एवढ्या दुधामागे किती वासरे आली असतील याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

हा विचार परदेशातून आयात झाला आहे, असा आक्षेप मला घरीदारी ऐकावा लागतो. त्यावर मी गांधीजींचे उदाहरण देते. दक्षिण आफ्रिकेत टॉल्स्टॉय फार्म या आश्रमवजा वसाहतीत असताना त्यांनी १९१२ च्या सुमारास आपले मित्र हर्मन कॅलनबाख यांच्यासोबत दूध सोडले. त्यामागे ब्रह्मचर्याचा विचार होताच, पण गाईम्हशींनी अधिक दूध द्यावे म्हणून गवळी करीत असलेल्या फुंक्यासारख्या (जनावराच्या योनीमार्गात हवा फुंकण्याच्या) क्रूर प्रकारांचे वर्णन वाचून त्यांचा निश्चय पक्का झाला होता. पुढे खेडा जिल्ह्यातील कामानंतर ते आमांशाने अंथरुणाला खिळले, तेव्हा व्रत घेताना मनात गाय आणि म्हैसच होती ना, मग शेळीचे दूध का चालू नये, असे कस्तुरबांनी सुचवले आणि त्यांनी ते घेतले. व्रताचा शब्द पाळला पण आत्मा गमावला, ही बोचणी त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. कारण स्पष्ट असलेल्या माणसालाच अशी बोचणी लागते, असे मला वाटते. गुरांच्या अंगात फुंका मारण्याला १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या १२ व्या कलमाने बंदी आहे आणि दूध वाढवण्यासाठी अपायकारक पदार्थ टोचण्यालाही तेच कलम लागू होते.

पुतणीला प्रत्यक्षात अडचण येते ती पाकिटांची. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. त्यात दूध असू शकते आणि पुष्कळदा असतेही. बिस्किटे, पाव, चॉकलेट, अगदी काही मसालेदार वेफर्समध्येही दुधाची भुकटी असते. २०२२ च्या नियमांनुसार प्राणिजन्य काहीही नसलेल्या पदार्थांसाठी हिरव्या ‘व्ही’ अक्षराचे वेगळे बोधचिन्ह आले आहे, ते पाहून घेतलेले बरे. आणि काका, पाडव्याला तिने श्रीखंड नाकारले त्यात आपला अपमान नव्हता, एवढे कृपया भावजयींनाही सांगावे.


दौंडकर

वरील आकडे मी नाकारत नाही. माझे बंधू दौंड तालुक्यात दुधाचा धंदा करतात, मी हडपसरला राहतो आणि दर आठवड्याला गोठ्यावर जातो, म्हणून त्या आकड्यांमागचे चार शब्द लिहितो.

गोऱ्हे कमी झाले त्याचे पहिले कारण ट्रॅक्टर. पूर्वी गोऱ्हा जन्मला की दोन-तीन वर्षांनी बैल म्हणून उभा राहील या आशेवर त्याला दूध आणि वैरण मिळत असे. आता संकरित गाईच्या गोऱ्ह्याला खांदाच नसतो, तो औताला चालत नाही आणि २०१५ मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळून लागू झालेल्या राज्याच्या कायद्याने बैलांच्या व वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली, त्यामुळे त्याला बाजारात गिऱ्हाईक उरले नाही. शेतकऱ्याने तो पोसावा असे कायदा म्हणतो, पण पोसण्याचा खर्च कोणी द्यावा हे सांगत नाही. मग काही ठिकाणी त्याला आईचे दूध पुरेसे पाजले जात नाही, काही ठिकाणी तो रात्री दुसऱ्या गावाच्या शिवारात सोडला जातो. हे चांगले नाही, पण दडवण्यातही अर्थ नाही. अलीकडे लिंगनिर्धारित रेतमात्रा अनुदानावर मिळू लागल्या आहेत. त्यांनी दहापैकी साधारण नऊ वेळा कालवडच होते. आमच्या गोठ्यावर आता त्याच वापरतात. हा प्रश्न सुटला तर तो अशाच मार्गाने सुटेल, असे माझे मत आहे.

वरच्या मजल्यावरील गृहस्थांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. देशी गाईलाही गोऱ्हे होतातच आणि ती दूध कमी देत असल्याने एका लिटरमागे तिची वासरे जास्त पडतात. जनावरांच्या कळवळ्याने ‘ए टू’ दूध घेणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा. त्यांना चव आवडत असेल तर जरूर घ्यावे, शेतकऱ्याला चार पैसे जास्त मिळतात.

धंद्याचे म्हणाल तर पहाटे चारला उठून धारा काढायच्या, सहाच्या आत किटल्या संकलन केंद्रावर पोहोचवायच्या आणि तेथे यंत्राच्या पट्टीवर फॅट ३.५ आणि एसएनएफ (स्निग्धांश वगळून उरणारे घन पदार्थ) ८.५ भरले तरच पूर्ण दर मिळतो. एसएनएफ ८.३ लागले की दर उतरतो आणि उन्हाळ्यात हिरवा चारा आटला की तो लागतोच. २०२४ च्या जुलैमध्ये गाईच्या दुधाला संघांनी ३० रुपये द्यावेत आणि शासनाने ५ रुपये अनुदान घालावे असे ठरले, तेव्हा सरकी पेंडीचे आणि मूरघासाचे भाव काय होते हे ज्याने पोते उचलले त्यालाच माहीत. ऊसाचे पैसे वर्षातून एकदा येतात, दुधाचे दर दहा दिवसांनी. घरातली किराणा, शाळेची फी आणि दवाखाना त्या दहा दिवसांवर चालतो. जिरायती भागात एका म्हशीवर संसार रेटणाऱ्या भूमिहीन बाया आहेत. पुतणीने दूध सोडले याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती गोठ्यावरच्या माणसाला कसाई ठरवण्याला. लाळ्या खुरकुताच्या साथीत रात्रभर गाईच्या खुरांना औषध लावत बसलेला माणूस मी पाहिलेला आहे.

पर्यावरणाविषयीही थोडे लिहितो. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातून मिथेन निघतो आणि तो तापमानवाढीला हातभार लावतो, हे खरेच आहे. परंतु आमच्या गाई कडबा, उसाचे वाढे, भुसा आणि तेल काढून उरलेली पेंड खातात, म्हणजे माणूस खाऊ शकत नाही असे बरेचसे. धान्य पिकवून केवळ गुरांना घालण्याच्या पद्धतीशी याची थेट बरोबरी होत नाही. तिकडचे आकडे इकडे लावताना तारतम्य ठेवावे.


कर्वेनगरच्या आहारतज्ज्ञ

भावजयींच्या चिंतेकडे वळते. हाडांची चिंता रास्त आहे, परंतु दूध सोडणाऱ्या शाकाहारी मुलीच्या बाबतीत माझी पहिली चिंता हाडांची नसून जीवनसत्त्व बी १२ ची असते.

वनस्पतिजन्य आहारात बी १२ भरवशाने मिळत नाही; स्पिरुलिना या शेवाळाची पाकिटे विकणारे काहीही म्हणोत. शाकाहारी माणसाचा एकमेव आधार दूध आणि दुधाचे पदार्थ. या विषयावरचे महत्त्वाचे काम आपल्या पुण्यातच झाले आहे. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. त्या गरोदर स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक जणींत बी १२ ची कमतरता होती आणि ज्या मातांमध्ये बी १२ कमी व फोलेट (‘ब’ गटातलेच आणखी एक जीवनसत्त्व) जास्त होते त्यांच्या मुलांमध्ये पुढे इन्सुलिनला होणारा प्रतिरोध अधिक आढळला. ध्यानात घ्या, या स्त्रियांनी दूध सोडलेले नव्हते. ते त्यांच्या वाट्याला पुरेसे येतच नव्हते. चहापुरते दूध घेणाऱ्या घरांतही ही कमतरता सर्रास आढळते. तेव्हा पुतणीने आजच रक्त तपासून घ्यावे आणि दूध पूर्ण सोडल्यावर बी १२ ची गोळी नियमित घ्यावी. यात तडजोड नको, कारण हातापायांना मुंग्या येईपर्यंत वाट पाहिली तर मज्जातंतूंची हानी पूर्ण भरून येईलच असे नाही. रक्तक्षय दिसला नाही म्हणजे सर्व ठीक, असेही समजू नये; पालेभाज्यांतील भरपूर फोलेटमुळे तो झाकला जातो. साडू मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा पित्तासाठी रोज गोळी घेत असतील तर त्यांनीही तपासावे, कारण त्या औषधांनी बी १२ चे शोषण घटते.

कॅल्शियमचा हिशेब त्यामानाने सोपा आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. गाईच्या १०० मिलीलीटर दुधात ते सुमारे १२० मिलिग्रॅम असते. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० मिलिग्रॅम, म्हणजे एका मध्यम भाकरीत पावणेदोनशेच्या आसपास. तिळात ते फार जास्त, १०० ग्रॅममध्ये १२०० मिलिग्रॅमहून अधिक असते, परंतु तीळ आपण चमच्याने खातो आणि त्यातील कॅल्शियम बांधून ठेवणाऱ्या ऑक्झॅलेट व फायटेट या घटकांमुळे सगळे अंगी लागत नाही. पालकाची कथाही तीच. शेवग्याचा पाला मात्र खरोखर उपयोगी असून पुण्याच्या मंडईत तो सहज मिळतो. नाचणीचे सत्त्व, शेवग्याच्या पाल्याची भाजी, तिळाची चटणी, टोफू आणि कॅल्शियम घातलेले सोयाचे दूध असे फिरते ठेवले तर भागते. नुसते ‘पालेभाज्या खाते’ म्हटल्याने भागत नाही. जोडीला ‘ड’ जीवनसत्त्व तपासावे. दिवसभर वातानुकूलित कार्यालयात बसणाऱ्यांमध्ये, मग ते दूध पिणारे असोत वा नसोत, ते कमी सापडते.

बाजारातील पर्यायांविषयी एवढेच सांगते की प्रथिनांच्या बाबतीत केवळ सोयाचे दूध गाईच्या दुधाच्या जवळ जाते. बदामाच्या वा ओटच्या दुधात १०० मिलीलीटरला बहुधा एक ग्रॅमच प्रथिने असतात आणि किंमत मात्र साध्या दुधाच्या कितीतरी पट. वर्षाच्या आतील बाळांना यांपैकी काहीही आईच्या दुधाऐवजी देऊ नये.


जुना प्रयोगशाळावाला

मी एका दूधसंघाच्या प्रयोगशाळेत नोकरी केली, म्हणून चित्रफितीवाल्या शेजाऱ्यांच्या शंकेला उत्तर देतो. भेसळ होते, हे सत्य आहे. पण ती किती होते याचा देशव्यापी अंदाज आपल्याकडे आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून ६,४३२ नमुने तपासले. त्यांत युरिया, डिटर्जंट वगैरे अपायकारक भेसळ फक्त १२ नमुन्यांत सापडली. अफ्लाटॉक्सिन एम १ हे बुरशीजन्य विष मर्यादेपेक्षा जास्त असलेले नमुने ३६८ होते, आणि ते येते ओल्या, बुरशी धरलेल्या पेंडीतून व चाऱ्यातून. प्रतिजैविकांचे अवशेष ७७ नमुन्यांत अधिक होते. म्हणजे ज्याची चित्रफीत फिरते तो धोका लहान आणि ज्याविषयी कोणी बोलत नाही तो मोठा. गंमत अशी की बुरशी धरलेला चारा गोठा देशी गाईचा आहे की संकरित, हे पाहून येत नाही. पिशवीचे दूध निदान तपासणीच्या साखळीतून जाते. गोठ्यावरून थेट येणारे दूध कोण तपासते, हे शेजाऱ्यांनी दूधवाल्याला विचारावे आणि ते न चुकता उकळून घ्यावे.

‘ए टू’ हा दुधातील बीटा केसीन या प्रथिनाचा प्रकार आहे. आपल्या म्हशींचे दूध बहुतांशी त्याच प्रकारचे असते, पण पाकिटावर तसे छापून कोणी दुप्पट दर लावत नाही. लॅक्टोज दोन्ही दुधांत सारखेच, तेव्हा साडूंनी त्या मार्गाने जाऊ नये. प्राधिकरणाने ऑगस्ट २०२४ मध्ये असे दावे पाकिटावरून काढण्याचा आदेश दिला आणि आठवडाभरात तो मागेही घेतला. त्यामुळे छापील अक्षरांवर किती विसंबावे हे गिऱ्हाइकालाच ठरवावे लागते.


सहकारनगरवासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. साडूंना पेढ्यांचे गणित वाचून दाखवले. त्यांनी ‘म्हणजे श्रीखंड चालेल ना’ एवढेच विचारले. पुतणीची रक्ततपासणी येत्या शनिवारी करायची ठरली आहे आणि भावजयीला नाचणी व गोळी दोन्ही सांगितले. एक घरगुती अडचण उरली आहे. आले घालून उकळलेल्या चहात सोयाचे दूध ओतले की ते फाटते आणि वर चोथा तरंगतो. शिवाय गणपतीत तिच्यासाठी गोडाचे काय करावे?


रत्नागिरीची माहेरवाशीण

चहा आणि आले यांचा आंबटपणा आणि उकळीची उष्णता या दोहोंमुळे सोयातील प्रथिने गोळा होतात. चहा गाळून दोन मिनिटे निवू द्यावा, सोयाचे दूध वेगळ्या भांड्यात कोमट करून आधी कपात घ्यावे आणि त्यावर चहा धारेने सोडावा. तरीही फाटले तर आले कमी करून वेलदोडा घालून पाहावा.

गणपतीची काळजी आपण उगीच करता. उकडीच्या मोदकाच्या सारणात ओले खोबरे आणि गूळ असतो. खवा घालण्याची हौस तेवढी टाळावी आणि तिच्या मोदकावर तूप वाढू नये. आमच्याकडे कोकणात शिरवाळ्यांबरोबर गूळ-वेलदोडा घातलेला नारळाचा रस असतोच, आणि पुरणपोळीवरही तो घेतात. तांदळाची खीर नारळाच्या दुधात करताना नारळाचे पहिले दाट दूध शेवटी, आच बंद केल्यावर घालावे, नाहीतर ते फुटते. दही हवे असेल तर शेंगदाणे रात्रभर भिजवून, सोलून, बारीक वाटून गाळावेत, ते दूध उकळून कोमट झाल्यावर त्यात हिरव्या मिरचीची पाच-सहा देठे टाकून उबदार जागी झाकून ठेवावे. पहिल्या खेपेला ते सैलसर लागते. त्यातलेच चमचाभर विरजण पुढच्या खेपेला वापरले की घट्ट लागते आणि कढीलाही चालते.